गोडं, मचूळ की खारं? बडोद्याच्या आसपासच्या पाणथळ जागा ओळखायच्या कशा

निजामपुरा_कट्टा

नमस्कार मंडळी. २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाच्या निमित्ताने आठवी-नववीच्या मुलांना तीन ठिकाणी न्यायचं घाटतंय: वढवाणा, नळसरोवर आणि कावी-कंबोई. गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्याची एकेक जागा मुलांनी प्रत्यक्ष बघावी, असा हेतू. वढवाणा गोडं, नळसरोवर मचूळ, कंबोई खारं ही विभागणी बरोबर आहे ना? हाताशी घरगुती टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) आहे, तो चालेल का? आणि मीटरशिवाय, नुसतं बघून काय ओळखता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

ओरसंगकाठ

कागदावर विभागणी झकास आहे, पण ती बारा महिने लागू पडते फक्त वढवाण्याला.

वढवाणा हा मुळात सिंचनाचा तलाव. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० साली, डभोईकडच्या पंचवीस गावांच्या शेतीसाठी केलेला. पाणी ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यावरून कालव्याने येतं आणि दुसऱ्या टोकाने कालव्यानेच शेतात जातं. हे जाणं महत्त्वाचं. गोड्या पाण्यातही थोडे क्षार असतातच. पाणी वाहतं राहिलं की ते पाण्याबरोबर निघून जातात, अडकलं की साचतात. वढवाण्याला निचरा आहे, म्हणून ते गोडं राहिलंय. २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेलं, क्षेत्र साधारण ६३० हेक्टर.

नळसरोवर म्हणजे पसरट बशी. सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा आणि खोली बहुतेक ठिकाणी पुरुषभरही नाही. ब्राह्मणी आणि भोगावो या नद्यांचं पावसाळी पाणी त्यात येतं, नंतर ते उन्हाने आटत जातं. हा सगळा पट्टा पूर्वी खंभातचं आखात आणि छोटं रण यांना जोडणारा समुद्राचा भाग होता, त्यामुळे तळात जुनं मीठ आहेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर पाणी गोडं, एप्रिल-मेमध्ये उरलेल्या डबक्यांत मचूळ ते चक्क खारं. फेब्रुवारीत मधलं काहीतरी, आणि तेही त्या वर्षीचा पाऊस किती आणि नर्मदेच्या कालव्याचं जादा पाणी आत आलं की नाही यावर. म्हणून "नळसरोवर = मचूळ" असं फळ्यावर लिहू नका. महिना लिहा.

हिशोब मुलांकडून करून घ्या. समजा दीड मीटर पाण्यात लिटरमागे ०.४ ग्रॅम मीठ आहे. पाणी आटून तीस सेंटिमीटर उरलं, मीठ तेवढंच राहिलं, तर लिटरमागे २ ग्रॅम. शिवाय आटताना काठ आत सरकतो, म्हणजे खरा आकडा याहून वरच जाणार.

क्षारमापक

आता आकडे. पाणथळांच्या क्षारतेसाठी जगभर एक जुनी, १९५८ सालची विभागणी वापरतात. एका किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ, म्हणजे पीपीटी, हे तिचं माप. ०.५ च्या खाली गोडं. ०.५ ते ३० सगळं मचूळ, पण त्यातही ५ पर्यंत जेमतेम, ५ ते १८ मध्यम, १८ ते ३० तीव्र असे पोटभाग. ३० ते ४० समुद्राचं पाणी (खुल्या समुद्राचं ३५ धरतात). ४० च्या वर अतिखारं. मिठागरं आणि उन्हाळ्यातली कोंडलेली खाजणं त्यात येतात.

म्हणजे मचूळ हा मधला बारीकसा पट्टा नाही, सगळ्यात रुंद पट्टा तोच आहे. ३ चं आणि २५ चं पाणी दोन्ही मचूळच, पण एकात पाणकणीस उगवतं आणि दुसऱ्यात ते मरतं.

टीडीएस पेनबद्दल. वढवाण्याला उत्तम चालेल, कंबोईला नाही. बहुतेक स्वस्त पेन ९९९० पीपीएमपर्यंतच वाचतात, म्हणजे १० पीपीटीच्या आतच. त्यापुढे पडद्यावर काहीतरी अगम्य येतं किंवा चुकीचा लहान आकडा येतो, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट. तोडगा सोपा आहे: एक भाग नमुना, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी, नीट ढवळून वाचन घ्या आणि दहाने गुणा. मोजपात्र नसेल तर इंजेक्शनची १० मिलीची सिरिंज वापरा, १ मिली नमुना आणि ९ मिली पाणी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण आधी त्याचं नुसतं वाचन घ्या. ते दहाच्या आत असावं. आरओचं पाणी या कामाला नको, त्यात पन्नास-शंभर उरलेलं असतंच.

दुसरी गोची: पेन मुळात मीठ मोजतच नाही, वाहकता (पाण्यातून वीज किती वाहते) मोजतो आणि तिला एका ठरीव गुणकाने गुणतो. कुठला पेन ०.५ ने, कुठला ०.७ ने. एकाच बाटलीत दोन पेन बुडवले तर ५०० आणि ७०० दिसेल आणि मुलं म्हणतील एक बिघडलाय. म्हणून शक्य असेल तिथे पेन वाहकतेवर ठेवा (मायक्रोसीमेन्स) आणि तोच आकडा वहीत लिहा. १००० च्या आसपास गोड्याची हद्द संपते. ३५ पीपीटीच्या समुद्राची वाहकता २५ अंशांना साधारण ५३,००० असते.

पेन तपासायला १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण विकत मिळतं. शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम क्लोराइड असेल तर ०.७४५६ ग्रॅम अचूक तोलून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, २५ अंशांना तेच १४१३ येतं.

क्षारमापक

विसरलोच, रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारी नळी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. काचेवर दोन-तीन थेंब, झाकण खाली, बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंब काचेच्या तापमानाला येतो, मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ वाचायची. शून्य डिस्टिल्ड पाण्याने लावायचं. स्वस्तातले बरेचसे साध्या मिठाच्या द्रावणावर आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यावर नाही, त्यामुळे ३५ च्या ठिकाणी दीडेक अंकाचा फरक पडतो. तपासायचं असेल तर ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम पाण्यात घाला. समुद्राच्या पाण्यासाठी आखलेल्या उपकरणावर ते बरोबर ३५ दाखवतं.

दोनच्या खाली मात्र याचा भरवसा धरू नका, रेघेची जाडीच तेवढी असते. गोड्याला पेन, खाऱ्याला रिफ्रॅक्टोमीटर, मचूळला दोन्ही लावून ताळा बघायचा.

दांडियाबाजार

एवढा खटाटोप कशाला? बोट बुडवून जिभेला लावलं की कळतंच की.

क्षारमापक

@दांडियाबाजार, जिभेला क्लोराइड साधारण २००-३०० मिलीग्रॅमपासून जाणवायला लागतं, पण १ पीपीटी आणि ३ पीपीटीतला फरक कुणालाही छातीठोक सांगता येत नाही. आणि शहराखालच्या नदी-नाल्यांचं पाणी मुलांना चाखायला लावणार असाल तर पालकसभेला तुम्हीच जा.

चांदवा

मीटरशिवायच्या प्रश्नाला माझा हातभार. पक्ष्यांवरून ओळखायला जाऊ नका, झाडांवरून ओळखा. पक्षी उडून जातात, मुळं जागची हलत नाहीत.

वढवाण्याच्या काठाला कमळं, शिंगाडा, पाणकणीस, नाळीची भाजी, पाण्याखाली हायड्रिला. यातलं काहीही जोमात दिसलं की पाणी वर्षातला बराच काळ गोडं आहे समजा. जलपर्णी तर मिठाला फारच नाजूक, थोडी क्षारता वाढली की पानांच्या कडा करपतात. गोड्याकडून मचूळकडे जाताना आधी कमळ जातं, मग पाण्याखालच्या वनस्पती बदलतात, पाणकणीस खुरटं होऊन काठाला चिकटतं आणि लव्हाळे वाढतात. अजून खारं झालं की जमिनीलगत मांसल, बोटाने दाबली तर रस निघणारी पानं दिसतात. ही मोरसासारखी मंडळी. पान जाड का, तर आत घेतलेलं मीठ पातळ करायला पाणी साठवतात. कंबोईकडे रस्ता संपत आला की ती दिसायला लागतात, मग तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं.

वेडी बाभूळ, गुजराथीत गांडो बावळ, ही मात्र खूण म्हणून निरुपयोगी. ती कुठेही उगवते.

पक्षी मुलांना दाखवा जरूर. वढवाण्याला हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक, तरंग, थापट्या, माझे चांदवे तर हजारोंनी. नळसरोवराला उथळ मचूळ भागात रोहित. पण शेकाट्या तिन्ही ठिकाणी दिसेल, तेव्हा एका पक्ष्यावरून निकाल देऊ नका. त्यातल्या त्यात विश्वासार्ह म्हणजे कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी. त्यांना पाण्यावर पसरलेली पानं आणि दाट पाणवनस्पती लागतात, त्या खाऱ्यात नसतात.

तिवर

कंबोईला "खारं" लिहाल तर फेब्रुवारीपुरतं चालेल, पण ते महीचं मुख आहे. पावसाळ्यात महीचं पाणी सुटलं की तिथलं पाणी बरंच पातळ होतं, उन्हाळ्यात समुद्राकडे झुकतं. खाडी म्हणजेच मचूळ पाणथळीचा मूळ नमुना. निव्वळ खाऱ्या पाण्याची पाणथळ दाखवायची तर कच्छच्या आखातात, जामनगरकडे जावं लागेल. तिथे मोठ्या नद्यांचं पाणी फारसं येत नाही, म्हणून तिथे प्रवाळ आहेत. खंभातच्या आखातात नाहीत, कारण गढूळपणा.

@दांडियाबाजार, आता तुम्ही विचारणारच की मचूळ म्हणजे निम्मं गोडं, निम्मं खारं एवढंच ना. तसं नाही. खाडीतल्या जिवाला सरासरी १५ शी देणंघेणं नसतं. त्याला सकाळी ८ पीपीटी आणि दुपारी २५ पीपीटी सोसावं लागतं. माशाच्या रक्तातलं मीठ साधारण ९-१० पीपीटीच्या जवळ असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरत असतं, तो ते भरपूर पातळ लघवीतून बाहेर टाकतो. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ टाकतो. खाडीत टिकायचं तर दोन्ही यंत्रणा हव्यात आणि काही तासांत एकीवरून दुसरीवर जाता आलं पाहिजे. ते फार थोड्यांना जमतं. म्हणून मचूळ पाण्यात जाती कमी आणि त्या मोजक्या जातींची संख्या अफाट: निवट्या, खेकडे, कोळंबी.

शिवाय खारं पाणी जड. नदीचं गोडं पाणी वर आणि भरतीचं खारं खाली पाचरीसारखं घुसतं, असं बऱ्याच खाड्यांत होतं. वरून बाटली भरली तर ४ येईल, तळाशी २० असू शकेल. आपल्या आखातात भरतीचा जोर इतका की पाणी ढवळून निघतं आणि हे थर टिकत नाहीत. भावनगरला उधाणाला दहा मीटरहून जास्त चढउतार होतो. पण नदीत जसजसं वर जाल तसा थरांचा प्रश्न येतो. काठीला बाटली बांधा, बूच दोरीने ओढता येईल असं लावा, तळाशी नेऊन बूच ओढा.

पादरा_शेत

थोडं अवांतर. आमच्या भागातल्या एका गावतळ्याचं पाणी मे महिन्यात ४२०० मायक्रोसीमेन्स दाखवतंय. समुद्र तर कुठल्या कुठे लांब आहे. हे मचूळ पाणथळ धरायचं का? आणि कापसाला चालेल का?

क्षारमापक

अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

आकड्याने ते मचूळ, पण स्वभावाने नाही. पेनला फक्त "वीज किती वाहते" एवढंच कळतं. मीठ कुठलं ते कळत नाही. समुद्राच्या पाण्यात क्षारांचं आपापसातलं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून तिथे क्लोराइड एवढं एकच मोजून त्याला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता मिळते. तळ्यात क्षार आले असतील बोअरच्या पाण्यातून, शेतातल्या खतातून, गटारातून नाहीतर कारखान्याच्या सांडपाण्यातून, तर हे गणित कोलमडतं. लोणारचं उदाहरण घ्या: समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पाणी खारं, पण त्यात सोडा भरपूर आणि पीएच दहाच्या घरात. तिथे तिवर लावलं तर मरेल.

पुढची पायरी म्हणजे क्लोराइड काढणं. सिल्व्हर नायट्रेटची पद्धत बारावीच्या प्रयोगशाळेत होते. ०.०१४१ नॉर्मल द्रावण (लिटरला २.३९५ ग्रॅम), १०० मिली नमुना, ५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिली. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबा. वापरलेल्या प्रत्येक मिलीला अर्धा मिलीग्रॅम क्लोराइड. पीएच ७ ते १० मध्ये असला पाहिजे, आम्लात क्रोमेटचा रंगच उमटत नाही. खाऱ्या पाण्याला १०० मिली घेऊ नका, ब्युरेटच्या ब्युरेट रिकामी होईल. १ मिली नमुना घेऊन डिस्टिल्ड पाण्याने १०० करा, समुद्राच्या पाण्याला मग ४० मिलीच्या आसपास लागतं. क्रोमेट विषारी आहे, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडतात. मुलांना लांबून दाखवा, उरलेलं वेगळ्या बाटलीत साठवा, मोरीत ओतू नका.

तुमच्या ४२०० मध्ये क्लोराइडच जास्त निघालं तर जमिनीतलं खारं पाणी वर येतंय किंवा तळं नुसतं आटतंय. सल्फेट, नायट्रेट जास्त निघालं तर उगम माणसाचा असण्याची शंका घ्या. एकदा मे आणि एकदा सप्टेंबर असं मोजा. पावसाळ्यानंतर ८०० वर उतरलं तर बाष्पीभवनाचा खेळ, ३००० वरच राहिलं तर कुठून तरी सतत येतंय.

ओरसंगकाठ

कापसाचं मी सांगतो. कापूस मिठाला चिवट आहे. मातीच्या अर्काची वाहकता ७.७ डेसीसीमेन्सपर्यंत उत्पन्न घटत नाही, गव्हाला ही हद्द ६, भाताला जेमतेम ३. तुमचे ४२०० मायक्रोसीमेन्स म्हणजे याच मापात ४.२. पण ते आकडे मातीचे, पाण्याचे नव्हेत! पाणी दिलं, पीक पाणी पिऊन गेलं, मीठ मागे राहिलं, म्हणजे माती पाण्यापेक्षा खारट होत जाते. निचरा चांगला असेल आणि पावसाने दरवर्षी माती धुतली जात असेल तर एखाद-दुसरी पाळी निभावते. काळ्या चिकण मातीत सलग दिलंत तर दोन-तीन हंगामांत वरती पांढरी पापडी येईल. सोडियम किती तेही तपासून घ्या. सोडियम जास्त असलं की पाऊस पडल्यावर चिकणमातीचे कण सुटे होतात आणि जमीन पाणी पीतच नाही.

दांडियाबाजार

बरं, वाद मिटला. पण एक सांगा, कंबोईला कुजक्या अंड्याचा वास येतो तो प्रदूषणाचा का? वढवाण्याला तर येत नाही.

तिवर

थोडाफार वास तिवरांच्या चिखलाला असतोच, तो निरोगी चिखलाचा. कारण समजून घ्या, दोन्हीतला खरा फरक तिथेच आहे.

पाण्याखालच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरनंतर प्राणवायू संपतो. खालचे जिवाणू मग सडलेला पालापाचोळा पचवायला दुसरं काहीतरी वापरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, ते वापरलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच हा वास. चिखल काळा दिसतो तो लोह आणि गंधकाच्या संयुगामुळे. गोड्या पाण्यात सल्फेट नगण्य, तिथे शेवटी मिथेन तयार होतो, त्याला वास नाही. वढवाण्याच्या काठाला काठी खुपसली तर बुडबुडे येतात ना, त्यात बराचसा मिथेन. सल्फेटवाले जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात, म्हणून क्षारता १८ च्या वर गेली की मिथेन जवळजवळ शून्य धरतात. खारफुटीत गाडलेल्या कार्बनला मोल आहे ते यामुळेही.

उलट बाजू अशी की हा काळा चिखल बांध घालून सुकवला तर त्यातलं गंधक हवेशी संयोग पावून सल्फ्युरिक आम्ल होतं. पीएच ४ च्या खाली जातो. "खारी जमीन गोडी करू" म्हणून बांध घातले आणि पुढे काहीच उगवलं नाही, असं जगभर अनेक ठिकाणी झालंय.

निजामपुरा_कट्टा

अप्रतिम माहिती मिळतेय. एक विचारायचं राहिलं, मुलांच्या हातून थोडी तिवरं लावून घ्यावीत का? कंबोईला आणि जमलं तर वढवाण्यालाही.

तिवर

वढवाण्याला अजिबात नको. तिवर गोड्या पाण्यात मरत नाही, पण तिथे पाणकणसापुढे टिकत नाही, आणि टिकलं तरी त्या तलावाचं ते झाडच नव्हे. पाणपक्ष्यांना उघडा उथळ काठ लागतो.

कंबोईलाही फेब्रुवारीत नको. तिवराची बी पिकते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरकडे. गळालेली ताजी बी पाण्यात ठेवली की एखाद्या दिवसात साल सुटते. मग मुळाचं टोक खाली ठेवून तिसरा हिस्सा चिखलात रोवायची. पूर्ण गाडली तर कुजते, नुसती वर ठेवली तर पहिल्याच भरतीत जाते.

खरी मेख जागेत आहे. खारफुटी उगवते समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात. ढोबळ नियम असा की जागा एकूण वेळेच्या तीस टक्क्यांहून जास्त पाण्याखाली नसावी. लावणारे मात्र रिकामी, सपाट, सोयीची चिखलपाटी बघून लावतात. ती रिकामी असते कारण ती खोल आहे, तिथे झाड जगत नाही. रोपं बुडतात, त्यावर कालवं चिकटतात, गाळ चढतो, सहा महिन्यांत सगळं साफ. वर तीच चिखलपाटी चिखल्या पक्ष्यांचं आणि निवट्यांचं घर असते, ते मोडतं ते वेगळंच.

आधी शेजारी जिवंत तिवर कुठे आहेत ते बघा आणि त्यांच्याच पातळीवर राहा. एखाद्या जागी पूर्वी तिवर होतं आणि आता नाही, तर बहुतेक वेळा पाणी अडलेलं असतं. रस्ता, बांध, गाळाने बुजलेली नाळ. ती नाळ मोकळी केली की बी आपोआप वाहत येते, लावायची गरजच पडत नाही. गुरं-उंट आत येणार नाहीत एवढं मात्र बघावं लागतं.

मुलांना पान दाखवा. तिवराच्या पानावर हातातल्या भिंगातून बघितलं तर मिठाचे बारीक खडे चमकतात, झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. दुपारी, कोरड्या हवेत बघा. सकाळच्या दवात विरघळून जातात.

चांदवा

एक उदाहरण द्यायलाच हवं: जामनगरजवळचं खिजडिया. नवानगरच्या राजवटीत १९२० च्या सुमारास समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातला. आज त्या बांधावर उभं राहिलं की एका बाजूला गोड्या पाण्याचा तलाव आणि पाणकणीस, दुसऱ्या बाजूला खाजण, मिठागरं, तिवरं. तिघांचा फरक एकाच ठिकाणी बघायचा तर त्यासारखी दुसरी जागा नाही. २०२२ च्या पाणथळ दिनाला तेही रामसर म्हणून जाहीर झालं. बडोद्याहून एका दिवसाची सहल नाही, एवढाच काय तो दोष.

ओरसंगकाठ

बांधाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही येऊ द्या. खिजडियाचा बांध किनाऱ्यावरच्या जमिनीवर आहे, तिथे नवी गोडी पाणथळ तयार झाली. खाडीच्या तोंडात बांध घातला तर मचूळ पट्टाच जातो. केरळात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम बांध घातला, भातासाठी उन्हाळ्यात खारं पाणी अडवायला. भात झाला, पण वरच्या अंगाला जलपर्णी माजली आणि शिंपले-कोळंबी घटली. ओडिशातल्या चिलिका सरोवरात उलटं: समुद्राचं तोंड गाळाने बुजत गेलं, पाणी गोडं होत गेलं, तण वाढलं, मासळी पडली. २००० च्या सप्टेंबरात नवं तोंड खोदल्यावर क्षारता परत आली आणि पाठोपाठ मासळीही. दोन्हीकडे खारं पाणी शत्रू नव्हतं.

आपल्या दारात हाच प्रश्न नर्मदेच्या मुखाशी आहे. वरून पाणी कमी येतं, म्हणून भरतीचं खारं पाणी भरुचकडे वर सरकतं, शेती आणि पिण्याचं पाणी दोन्ही अडचणीत. त्यासाठी भाडभूतला बराजचं, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्याचं काम सुरू झालं. पण हिलसा, म्हणजे आपला पाला, अंडी घालायला समुद्रातून पावसाळी गोड्या पाण्यात वर चढतो, आणि मोठी नदीकोळंबी उलट मचूळ पाण्यात उतरते. दोघांना चढ-उताराला वाट लागते. माझं मत विचाराल तर दरवाजे किती आहेत यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये ते किती दिवस उघडे राहतात, हे बघायला हवं.

दांडियाबाजार

विश्वामित्रीच्या मगरी भरतीबरोबर समुद्रात जातात का हो? मुलं हेच विचारणार, पैजेवर सांगतो.

चांदवा

नाही. आपली मगर गोड्या पाण्याची. विश्वामित्री पावागडावरून येते, ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात. मचूळ पाणी ती थोडंफार सोसते, पण समुद्रात राहत नाही. खाऱ्या पाण्याची मगर वेगळी जात, तिच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी चांगल्या कामाच्या असतात. ती भितरकनिका, सुंदरबन, अंदमानकडे, आपल्याकडे नाही.

क्षारमापक

५ पीपीटी हा आकडा मुलांना लक्षात ठेवायला सांगा. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत नदी-खाडीत नियम कुठवर लागू, ते ठरवताना वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात क्षारता ५ पीपीटी जिथवर पोचते ती हद्द धरतात. म्हणजे मीटरवरचा आकडा थेट कायद्यात आहे. आणि २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचन, पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मिठागरं यांसाठी केलेले तलाव वगळलेत. रामसरची व्याख्या मात्र ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही पोटात घेते. वढवाणा सिंचनासाठीच बांधलेला, तरी रामसर यादीत. या विसंगतीवर नववीची मुलं चांगला तास खातील.

निजामपुरा_कट्टा

तारीख आणि वेळ कशी ठरवू? तिन्ही एका दिवसात शक्य नाही हे आता कळलं.

तिवर

वढवाणा आणि कंबोई वेगवेगळ्या दिवशी. वढवाण्याला सकाळी, पक्ष्यांसाठी.

कंबोईसाठी पंचांग आणि भरतीचं वेळापत्रक दोन्ही बघा. पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती. उधाणाच्या दिवशी स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं, ते बघायला गर्दी असते. मुलांना न्यायचं तर भांगाचा दिवस घ्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, रोज वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. ओहोटी संपायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे चिखल, निवट्या, तिवराची श्वसनमुळं उघडी दिसतील. पाणी वळलं की सगळ्यांनी काठावर. या आखातात पाणी फार वेगाने येतं आणि चिखल गुडघाभर धरून ठेवतो. मळलेली वाट सोडून एकही मूल पुढे जाऊ देऊ नका, आणि गावातल्या माणसाला बरोबर घ्या.

एक नमुना ओहोटीच्या शेवटी, दुसरा भरती अर्धी झाल्यावर. दोन्हीतला फरक हीच त्या दिवसाची शिकवण.

क्षारमापक

नमुन्याच्या बाटल्या पाण्याच्याच, नव्या, अर्धा लिटरच्या. भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळा. काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावा, अर्धी भरलेली बाटली उन्हात तापली की पाणी वाफेने बुचाला लागतं आणि आकडा चढतो. बाटलीवरच मार्करने जागा, वेळ, भरती की ओहोटी. कंबोईचं पाणी गढूळ असणार. रात्रभर न हलवता ठेवा, वरचं नितळ सिरिंजने काढून मग मोजा, नाहीतर रिफ्रॅक्टोमीटरची रेघ धूसर दिसते. वाहकता आणि क्लोराइडला आठवडाभर उशीर झाला तरी चालतं. पीएच आणि विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवरच. प्राणवायूचे आकडे थेट शेजारी मांडून तुलना करू नका, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो: ३० अंशांना गोड्यात ७.६ मिलीग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.२.

निजामपुरा_कट्टा

भांगाचा शनिवार बघून तारीख टाकतो. पेन दोन आहेत, दोन्हींचे गुणक आज रात्री तपासतो. @क्षारमापक, पोटॅशियम क्लोराइड तोलायला शाळेचा तराजू दोन दशांशांचाच आहे, चालेल?

क्षारमापक

एक लिटरसाठी नाही चालणार. ७.४६ ग्रॅम घेऊन एक लिटर करा, ते १२,८८० चं द्रावण झालं. त्यातलं १०० मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने एक लिटर करा, ते १४१३ चं. दोन्ही ठेवा, मोठं मचूळसाठी लागेल.